एकीला जाऊ का, बाई?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत ५४ कलमं आहेत. त्यातलं ४२वं कलम फारसं कोणी उघडून बघत नाही. या संहितेत काय लिहिलंय ते सरकारने मोठ्या माणसांना आणि मुलांनाही माहीत करून द्यायचं, एवढंच त्यात म्हटलंय. म्हणजे आपले हक्क कोणते हे कळणं हासुद्धा मुलाचा हक्कच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ही संहिता २० नोव्हेंबर १९८९ ला संमत केली. भारताने तिला ११ डिसेंबर १९९२ ला मान्यता दिली. तेव्हापासून हे काम आपल्याही गळ्यात आहे.

ते आपण कसं उरकतो हे शाळेत वावरणाऱ्याला सांगायला नको. नोव्हेंबर आला की एक रंगीत तक्ता लागतो. निबंध स्पर्धा होते. जगण्याचा हक्क, विकासाचा हक्क, संरक्षणाचा हक्क, सहभागाचा हक्क ही चार नावं मुलं बारा-तेराच्या पाढ्यासारखी घोकतात. तिसरीतल्या कोणालाही उभं करून विचारा, सहभागाचा हक्क म्हणजे काय रे? उत्तर येतं, ‘सहभाग घेण्याचा हक्क.’ पैकीच्या पैकी गुण, आणि पोराच्या डोक्यात काही शिरलेलं नाही.

हे प्रकरण पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आणि त्या वयाची मुलं घरात असणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: सात-आठ वर्षांच्या मुलाला हक्क समजतो तो त्याच्या स्वतःच्या दिवसातून. त्याला पाणी प्यायला मिळतं का, लघवीला जाऊ देतात का, मारतात का, कोणी त्याचं ऐकून घेतं का, यातून. त्यामुळे हक्क शिकवायला निघालेल्या शाळेने आधी स्वतःला त्या मापात बसवून घ्यायची तयारी ठेवायला हवी. तेवढी तयारी नसेल तर तक्ता लावायचे कष्टही वाचवावेत.

सुरुवात करंगळीपासून करा. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी वर केलेली आहे. ‘बाई, एकीला जाऊ?’ त्यावर ठरलेली उत्तरं असतात: आत्ताच तर सुट्टी झाली, तास संपू दे, एक जण परत आला की दुसरा. तोवर ते मूल बाकावर पाय आवळून बसतं. बाई फळ्यावर काय लिहितायत याकडे त्याचं लक्ष नसतं. पहिलीतल्या एखाद्याची चड्डी ओली होते, वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत यायला कुरकुर करतं. मुली तर यावर उपायच काढतात, शाळेत पाणीच पीत नाहीत. भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं शुद्ध पाणी असलंच पाहिजे असं लिहिलंय. इमारत बांधणाऱ्याने ते पाळलंही असेल. पण तिथवर जायची परवानगी शेवटी बाईंच्या हातात असते.

तर एके दिवशी हाच प्रश्न वर्गासमोर ठेवा. शरीराची ही गरज आहे, ती अडवायचा हक्क कोणाला आहे? मुलं आधी एकमेकांकडे बघून हसतील, कारण शाळेत या विषयावर मोठ्याने बोलायचं नसतं असं त्यांना वाटतं. मग एखादा विचारेल, ‘म्हणजे आम्ही कधीही जायचं?’ इथे शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. सगळेच उठून गेले तर? ही भीती खोटी नाही, पण तिचा निकाल शिक्षकाने एकट्याने लावायची गरज नाही. नियम वर्गालाच करू द्या. एका वेळी किती जणांनी जायचं, विचारून जायचं की दाराजवळची पाटी उलटी करून जायचं, तिकडे खेळत बसलेल्याचं काय करायचं. संहितेचं १२वं कलम म्हणतं की आपल्याशी संबंधित गोष्टीत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्या मताला वजन मिळालं पाहिजे. सहभाग तो हाच. या चर्चेत एक गंमत हमखास दिसते. मुलं स्वतःसाठी नियम करायला बसली की आपल्यापेक्षा कडक होतात. उशीर करणाऱ्याला आठवडाभर एकीबंदी अशी शिक्षासुद्धा सुचवतात. तेव्हा बाईंनी विचारायचं, ‘पण त्याला खरंच लागली असेल तर?’ वर्ग क्षणभर विचारात पडतो. हक्क हा चुकणाऱ्याचाही असतो, ही गोष्ट त्या दिवशी व्याख्येवाचून कळते.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर एकेक शब्द लिहायचा किंवा चित्र काढायचं: पाणी, चॉकलेट, औषध, आई-बाबा, मोबाइल, सायकल, शाळा, खेळ, नवे कपडे, माझं म्हणणं. जमिनीवर खडूने दोन गोल काढायचे. एकात ‘हे हवंच’, दुसऱ्यात ‘हे असलं तर छान’. चार-पाच जणांच्या गटाने चिठ्ठ्या वाटून टाकायच्या आणि का टाकल्या ते सांगायचं. पाणी आणि औषध यांवर वाद होत नाही. चॉकलेटवर होतो, पण तो लवकर मिटतो. खरी धुमश्चक्री मोबाइलवर. करोनाच्या काळात शाळाच मोबाइलमध्ये शिरली होती हे मुलांना मोठ्या भावंडांकडून ऐकून माहीत असतं. ज्याच्या घरी फोन नव्हता त्याची शाळा बुडाली. मग मोबाइल कुठल्या गोलात? सायकलचंही तसंच. शहरातल्या मुलासाठी ती वाढदिवसाची भेट असते. वाडीवरून तीन-चार किलोमीटर चालत हायस्कूलला जाणाऱ्या ताईसाठी सायकल मिळाली तर शाळा, नाही मिळाली तर आठवीनंतर घरी. मुलांनी ती चिठ्ठी दोन गोलांच्या मधल्या रेषेवर ठेवली तर ठेवू द्या. शिक्षकाने ‘बरोबर उत्तर’ सांगून हा खेळ संपवू नये. वस्तू हा हक्क नसतो, पण वस्तूवाचून कोणाचा तरी हक्क अडू शकतो, इथवर तिसरीचा वर्ग आपला आपण पोचतो.

‘खेळ’ची चिठ्ठी मात्र बहुतेक गट न बोलता दुसऱ्या गोलात टाकतात. अभ्यास झाला तर खेळायचं, हे घरी इतक्यांदा ऐकलेलं असतं की खेळ म्हणजे बक्षीस ही त्यांची खात्री झालेली असते. अशा वेळी त्यांना संहितेचं ३१वं कलम सांगावं. विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हे मुलांचे हक्क आहेत असं जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी सही करून मान्य केलंय. वर्गात यावर जो आरडाओरडा होतो तो पाच मिनिटं होऊ द्यावा.

इथे एका खोडीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती चांगल्या चांगल्या शिक्षकांत आढळते. हक्क हा शब्द उच्चारला की लगेच पुढचं वाक्य येतं, ‘पण हक्कांबरोबर कर्तव्यंही असतात बरं का!’ मुलं बिघडतील, डोक्यावर बसतील, ही त्यामागची धास्ती. कर्तव्यं शिकवू नयेत असं कोण म्हणेल? पण हक्क आणि कर्तव्य यांचा सौदा करून सांगणं साफ चूक आहे. गृहपाठ केला नाही म्हणून मुलाची शाळेतली खिचडी बंद होत नाही. दंगा केला म्हणून त्याचं लसीकरण थांबत नाही. हक्क चांगलं वागून कमवायचे असते तर तान्ह्या बाळाला एकही मिळाला नसता. आणि आपल्या राज्यघटनेने शिक्षणाच्या बाबतीत कर्तव्य कोणावर टाकलंय ते बघा. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्याच दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांच्या यादीत एक भर घातली: आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं. हे कर्तव्य आई-वडिलांचं आणि पालकांचं आहे. वर्गात हे वाचून दाखवलं की मुलं खूश होतात. पालकसभेत वाचलं की शांतता पसरते.

मुलांना गोष्टी आवडतात आणि या विषयाकडे अस्सल गोष्टी आहेत. त्या सांगायच्या सोडून आपण व्याख्या का सांगतो कोण जाणे.

इंग्लंडमध्ये एग्लंटाइन जेब नावाची एक बाई होती. काही काळ तिने शाळेत शिकवलंही होतं. पहिलं महायुद्ध संपलं तरी जर्मनी आणि ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच होती आणि तिकडची लहान मुलं उपासमारीने मरत होती. शत्रूची मुलं म्हणून त्यांची कीव कोणाला येईना. १९१९ मध्ये या बाईने लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या हाडकुळ्या मुलांचे फोटो असलेली पत्रकं वाटली. सरकारची परवानगी न घेता वाटली म्हणून तिला पकडलं, खटला झाला, पाच पौंड दंड झाला. दंड भरला कोणी? तिच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाने! त्याच वर्षी तिने बहिणीबरोबर ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. पुढे तिने मुलांच्या हक्कांचा पाच कलमी जाहीरनामा लिहिला आणि १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. भुकेल्याला जेवू घाला, आजाऱ्याची शुश्रूषा करा, संकटात पहिली मदत मुलाला द्या, इतका तो सरळ आहे. ‘शत्रूच्या मुलाला खायला द्यायचं का?’ हा प्रश्न वर्गात टाकून बघा. मुलांची उत्तरं टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा बरी असतात.

दुसरी गोष्ट पोलंडमधली. यानुश कॉर्चाक हे डॉक्टर. वॉर्सा शहरात ते ज्यू मुलांसाठी अनाथालय चालवायचे. तिथे मुलांचं न्यायालय होतं. त्या आठवड्यात ज्यांच्यावर फिर्याद नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या काढून न्यायाधीश निवडायचे. कायद्याचं पुस्तक डॉक्टरांनीच लिहिलं होतं आणि त्यातली पहिली नव्याण्णव कलमं सोडून देण्याची, माफ करण्याची होती. मोठ्या माणसांवरही फिर्याद करता यायची. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून खुद्द डॉक्टरांवर खटला चालला, एका मुलीवर चोरीचा उगाच संशय घेतला म्हणून दुसरा. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेलं वर्तमानपत्रही सुरू केलं. बालहक्क संहिता करू या असा प्रस्ताव १९७८ मध्ये पोलंडनेच मांडला, त्याची मुळं या अनाथालयात शोधता येतात. या गोष्टीचा शेवट असा की ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी अनाथालयातल्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं, आणि कॉर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत. तिसरीच्या वर्गाला मी न्यायालयापर्यंतच गोष्ट सांगावी म्हणेन. शेवट सातवी-आठवीत सांगावा, आणि तोही आवरता घेऊ नये.

पण सगळं परदेशातून आलं असं मुलांना वाटता कामा नये, कारण ते खरं नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड! त्या काळचा रुपया. आणि जवळपास सगळ्या देशासाठी शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या मागणीनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी.

यांच्या जोडीने मी एका मुलीचं नाव आवर्जून घेईन. मुक्ता साळवे. मातंग समाजातली, पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणारी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे या शाळकरी मुलीने छापील कागदावर मांडलं. मुलाला मत असतं आणि ते ऐकायचं असतं हे जगाने कलम म्हणून लिहिलं १९८९ मध्ये. पुण्यातली एक मुलगी त्याआधी सव्वाशेहून जास्त वर्षं लिहून मोकळी झाली होती. चौथीच्या मुलांना निबंध लिहायला देण्याआधी हे सांगितलं तर ‘माझा आवडता पक्षी’पेक्षा बरं काहीतरी हाती लागेल.

आता एक अवघड तास. बालमजुरी वाईट, हे वाक्य फळ्यावर लिहिलं की ग्रामीण शाळेत कोणीतरी विचारतंच, ‘बाई, मी सकाळी शेळ्या सोडते, भांडी घासते. मी बालमजूर?’ या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. आता चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं सगळ्याच धंद्यांत गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. मात्र घरच्या कामात, धोक्याच्या नसलेल्या घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत केली तर ती कायद्याला चालते. ही पळवाट आहे, असं मला वाटतं. घरचा धंदा म्हटलं की त्याच्या आडून विडी वळणंही खपून जातं आणि रात्री बारापर्यंत हॉटेलच्या मोरीत बसणंही. पण मुलांना कायद्याचा कीस सांगायचा नसतो. त्यांना मोजायला सांगावं: या कामामुळे शाळा बुडते का? झोप मोडते का? अंगाला इजा होते का? खेळायला वेळ उरतो का? शेळ्या सोडणारी मुलगी बोटांवर हिशेब करते आणि आपलं उत्तर आपण काढते. ते उत्तर ऐकून कधी कधी बाईंनाच घरी जाऊन पालकांशी बोलावं लागतं. आणि भाऊ शेळ्या का सोडत नाही, हा प्रश्न एखादीने पुढे विचारलाच तर तो तास सार्थकी लागला समजावं.

बीडसारख्या जिल्ह्यांत हा धडा पुस्तकातून शिकवता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाने दिलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलांची मोजणी त्यात कुठेच नसते, पण पाचटात बसून धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी त्या कोयत्याला लागतेच, कारण ती नसेल तर आईला फडात उतरता येत नाही. वर्गात निम्मे बाक रिकामे पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मुलं परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर असते. यावर शिक्षण हमी कार्ड निघालं, म्हणजे जिथे टोळी जाईल तिथल्या शाळेने ते बघून मुलाला बसवून घ्यायचं. गावात आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या. योजना चांगल्या आहेत, पण कारखान्याच्या तळावर जवळची शाळा कुठे हे माहीत असलेला माणूस त्या वेळी भेटतोच असं नाही. म्हणून टोळी निघायच्या आधी वर्गात हे सांगून ठेवावं: दाखल्याचा कागद नाही, जन्मतारखेचा पुरावा नाही, या सबबीवर कोणतीही सरकारी शाळा तुला परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. चौथीतली मुलगी हे वाक्य पाठ करून गेली तरी पुरे. घोकंपट्टीचा उपयोग होतो तो असा.

शहरातल्या शाळांत वेगळीच अडचण. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (इंग्रजीत ‘आरटीई’) खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. काही ठिकाणी या मुलांना शिक्षकखोलीत सरळ ‘आरटीईवाले’ म्हणतात. मग तो शब्द वर्गात झिरपतो आणि मुलं एकमेकांना चिडवायला वापरतात. ज्या कायद्याने मुलाला वर्गात आणलं त्याचंच नाव त्याच्या पाठीवर चिकटवायचं, याला काय म्हणावं! तिथे हक्कांचा धडा आधी शिक्षकखोलीत घ्यावा.

शरीराच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना पुष्कळ जण कचरतात. कचरू नये, पण घाबरवूही नये. अवयवांची नावं नीट सांगावीत. माझं शरीर माझं आहे, नको वाटलेल्या स्पर्शाला नाही म्हणता येतं, आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असं कोणी म्हणालं तर ती गोष्ट सांगायचीच असते, एवढं पहिलीतल्या मुलालाही समजतं. फक्त अनोळखी माणसापासून सावध राहा असं शिकवणं अपुरं आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत करणारा बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीतला असतो. नात्यातला, शेजारचा, रिक्षावाला, शिकवणारा. म्हणून ‘काका-मामांना पापी दे’ हा आग्रह आपणही बंद करायला हवा. एखाद्या मुलाने आपल्याला काही सांगितलंच तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. शाळेची अब्रू, घराण्याची अब्रू, काही आड येत नाही. मुलाला मात्र त्या क्षणी एकच वाक्य हवं असतं: तुझी काही चूक नाही.

१०९८ हा क्रमांक मुलांना पाठ करायला अजिबात त्रास होत नाही. दहा, नऊ, आठ, अशी उलटी मोजणी. संकटातल्या मुलांसाठीची ही मोफत फोनसेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली आणि देशभर गेली. त्यावर शेजारच्या अल्पवयीन ताईचं लग्न ठरल्याचंही कळवता येतं. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे बावीस टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. चौथीतली मुलगी स्वतःचं लग्न थांबवेल असं नाही, पण मंडप कोणाच्या दारात पडलाय हे गावात तिला आधी कळतं.

आणि मग तो प्रश्न येतोच. सगळं ऐकून झाल्यावर, मागच्या बाकावरून. ‘मग सर का मारतात?’

शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी करतं. गोव्याने तर त्याच्या कितीतरी आधी, २००३ च्या बालक कायद्यात, शाळेतली मारहाण बंद केली होती. कोंबडा करणं, अंगठे धरून उभं करणं, पट्टी हातावर ओढणं, आणि ‘तुझ्या बापाने तरी पुस्तक उघडलं होतं का’ म्हणणं, सगळं १७व्या कलमाच्या बंदीत येतं. शेवटचं सगळ्यात जास्त काळ लक्षात राहतं. पालकही येऊन सांगतात, ‘गुरुजी, हाडं आमची, मास तुमचं, हवं तेवढं बडवा.’ पालकाने परवानगी दिली म्हणून बंदी उठत नाही. वर्गातल्या त्या प्रश्नाला मला एकच सरळ उत्तर दिसतं: सर मारतात ते चूक आहे, आणि ते सांगायची जागा अशी अशी आहे. हे उत्तर देताना सहकाऱ्याशी वाकडं येईल. ते टाळायला ‘तुमच्या भल्यासाठीच मारतात’ म्हटलं, तर तक्ता, चिठ्ठ्यांचा खेळ, कॉर्चाकची गोष्ट, सगळं त्याच क्षणी वाया गेलं.

सांगायची जागा म्हणजे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात असं कायदा म्हणतो. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे हे मुलांना नावानिशी माहीत असू द्या. शिवाय महाराष्ट्रातल्या शाळांना तक्रारपेटी बसवायचा शासनाचा आदेश आहे. ती बहुतेक शाळांत दिसते, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, शिपायाच्या खुर्चीच्या डोक्यावर, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला ठोकलेली. पहिलीतल्या मुलाची उंची साडेतीन-पावणेचार फूट असते. तुमच्या शाळेतली पेटी खाली घ्या, आणि शिपायाच्या नजरेआड लावा.